दुसरी-तिसरीच्या मुलांसोबत व्हिडिओ करायचेत? स्टॉप मोशन स्टुडिओ, एक फळी आणि दोन स्टुलं

माझ्याकडे दुसरी आणि तिसरी आहे. पाटण तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, दोन्ही वर्गांचा मिळून पट चौदा, एक खोली, लोकसहभागातून मिळालेला टीव्ही आणि माझा स्वतःचा अँड्रॉइड फोन. एवढ्या सामानावर मुलांकडून अभ्यासाचे व्हिडिओ करून घ्यायचे तर काय वापरावं, असं आमच्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप घ्या आणि सुताराकडून भोक पाडलेली एक फळी करून आणा. काही वर्षं मी हेच वापरते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओ म्हणजे नेमके कोणते, ते आधी सांगायला हवं. शिक्षकाने फळ्यापुढे उभं राहून शिकवलेला पाठ मला इथे अभिप्रेत नाही. 2020 साली ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ म्हणत आपण सगळ्यांनीच तसे पाठ केले आणि तेव्हा त्यांची गरजही होती. मी बोलते आहे ते सात-आठ वर्षांच्या मुलांनी स्वतः केलेल्या व्हिडिओंबद्दल. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एकीत मुलाला भांग पाडून, गणवेश नीट करून कॅमेऱ्यापुढे उभं करतात आणि पाठ केलेलं बोलायला लावतात. अडखळलं की परत पहिल्यापासून. त्यात ज्याला येतंय तेच मूल पुन्हा पुन्हा पुढे येतं, आणि ज्याला खरी गरज आहे ते मागे बसून बघतं. दुसऱ्या तऱ्हेत मूल दिसतच नाही. वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर एकापाठोपाठ दाखवले की काडी, चिंचोका, बी आपोआप चालायला लागते. या तऱ्हेला स्टॉप मोशन म्हणतात. मला ही दुसरी तऱ्हा हजारपटीने मोलाची वाटते, कारण दर फोटोआधी मुलाला हात थांबवून विचार करावा लागतो की आता पुढे काय होणार.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. लंडनहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एक-एक फ्रेम, म्हणजे एक-एक फोटो घेतला. पडद्यावर बघता बघता वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल झाला. तो तुकडा बघूनच पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी पैसे उभे राहिले. नंतर त्यांनी आगपेटीतल्या काड्या अशाच हलवून एक छोटा चित्रपटही केला. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाने हाताने कॅमेऱ्याचं हँडल फिरवत एवढं केलं हे ऐकल्यावर खराट्याच्या काड्या घेऊन बसलेली मुलं फार गंभीर होतात.

आता ॲपबद्दल. स्टॉप मोशन स्टुडिओ अँड्रॉइडवर आणि आयफोनवर दोन्हीकडे मिळतं. मूळ ॲप फुकट आहे, काही जादा सोयींना पैसे पडतात, त्याबद्दल पुढे लिहिते. फोटो काढायला आणि व्हिडिओ जुळवायला इंटरनेट लागत नाही. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात रेंज कधी असते, कधी चार-चार दिवस नसते, त्यामुळे माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा गुण. पडद्यावर शब्द कमी आणि चिन्हं जास्त आहेत. मोठं गोल बटण दाबलं की फोटो, त्रिकोण दाबला की आतापर्यंतचा व्हिडिओ. इंग्रजी वाचता न येणाऱ्या दुसरीच्या मुलाला एवढं पुरतं. खाली सगळ्या फोटोंची पट्टी दिसते, ती बोटाने पुढेमागे सरकवता येते. एखाद्या फोटोत कुणाचा हात आला असेल तर तेवढाच पुसून टाकता येतो.

पण या ॲपचा जीव आहे तो मागच्या फोटोच्या सावलीत. मागचा फोटो पुसट, पारदर्शक होऊन आत्ताच्या चित्रावर दिसत राहतो. काडी आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, किती सरकवली, हे मुलाला पडद्यावर दिसतं. सावली किती गडद हवी ते कमी-जास्त करता येतं. आमच्यात याला ‘भूत’ म्हणतात. ‘बाई, भूत आणि काडी लई लांब गेली’ म्हणजे एका फोटोत खूप जास्त सरकवली, आता व्हिडिओत ती उडी मारणार. फोनचा साधा कॅमेरा वापरून हेच करायला गेलं तर ही सोय नसते, आणि लहान हातांना तिच्याशिवाय अंदाज येत नाही.

दुसरी सोय वेगाची. एका सेकंदात किती फोटो दाखवायचे ते ठरवता येतं. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि हाताने चित्रं काढणारे बरेचदा सेकंदाला 12 चित्रांवर भागवतात. आम्ही 5 वर ठेवतो. हालचाल थोडी अडखळत होते, पण 5 चा फायदा असा की दुसरीच्या मुलाला हिशेब जमतो. गठ्ठा तीन सेकंद दिसायला हवा, मग किती फोटो? पाच त्रिक पंधरा. पाचाचा पाढा म्हणून घेणं आणि पाचाच्या पाढ्याची खरीखुरी गरज पडणं यात किती अंतर आहे ते मला या ॲपमुळे रोज दिसतं. मिनिटाला तीनशे फोटो लागतात हे तिसरीतल्या मुलांनी स्वतः काढलं आणि त्यावरून त्यांनीच ठरवलं की आपला व्हिडिओ मिनिटभराच्या आतलाच हवा.

एक व्हिडिओ जरा जवळून सांगते, कारण मला या साधनावर एवढा विश्वास का आहे ते त्यातून कळेल. हातच्याची बेरीज, 27 आणि 15. खराट्याच्या काड्या सारख्या मापाने कापून घेतल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. काळ्या कापडावर डावीकडे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, उजवीकडे एक गठ्ठा आणि पाच सुट्या. दुसरीतल्या चौघांचा गट होता. सुट्या काड्या त्यांनी फार छान मधोमध आणल्या. एक-एक काडी सरकत आली, बारा झाल्या. मग त्यांनी दहा काड्या उचलल्या, बाजूला ठेवल्या, डब्यातून बांधलेला गठ्ठा काढून तिथे ठेवला आणि फोटो काढला. वहीत ते तेच करतात. बाराचे दोन खाली लिहायचे, हातचा एक वर.

व्हिडिओ चालवून बघितला. तिसरीतली एक मुलगी मागे उभी होती, ती म्हणाली, ‘आणि त्या दहा काड्या कुठं गेल्या?’

गटात शांतता. मग एक जण म्हणाला की त्याच गठ्ठ्यात आहेत. ती म्हणाली, दिसल्या नाहीत, तू दुसरा गठ्ठा आणलास. मी मध्ये पडले नाही. चौघांचा वाद झाला आणि त्यातून ठरलं की डब्यातला गठ्ठा चालणार नाही, याच दहा काड्या एकमेकींजवळ यायला हव्यात, मग त्यांच्यावर रबर चढायला हवं, मग तो गठ्ठा दशकांच्या घरात चालत जायला हवा. मागचे फोटो पुसले आणि पुन्हा सुरुवात. रबर चढताना दाखवायचं तर हात दिसतो, म्हणून रबर आधी काड्यांशेजारी, मग टोकाला, मग अर्ध्यात, मग मध्यावर, असे चार टप्पे त्यांनी शोधून काढले. हातचा म्हणजे वर लिहायचा एक नव्हे, त्या याच दहा काड्या आहेत, हे फळ्यावर मी कितीतरी वेळा सांगितलेलं. त्या दिवशी ते त्यांना बांधावं लागलं.

पुढची गोष्ट तर मी ठरवलीच नव्हती. व्हिडिओ झाल्यावर त्यातला सगळ्यात लहान मुलगा खालची पट्टी बोटाने उलटी सरकवत बसला होता. चार दशक दोन सुटे, त्यातला एक गठ्ठा मागे मागे आला, रबर निघालं, काड्या विखुरल्या. तो ओरडला, ‘बाई, दशक सुटला!’ आम्ही वजाबाकीत दशक सुटा करून घेतो, ते त्याला आपोआप सापडलं. दुसऱ्या दिवशी 42 वजा 15 साठी मी नवीन काही शिकवलं नाही, तीच पट्टी उलटी सरकवली. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीच्या मुलाला 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी असं म्हटलेलं आहे. तिथपर्यंत पोचायचे रस्ते अनेक असतील, आमच्या त्या गटाला हा रस्ता कायमचा मिळाला.

आता फळी. बाजारात फोन वरून खाली बघत धरणारे लवचिक मानेचे स्टँड मिळतात. मी ऑनलाइन मागवलेला एक साडेतीनशेला पडला. नाव सांगत नाही, कारण त्या किमतीतले सगळे साधारण सारखेच दिसतात. फोनच्या वजनाने त्याची मान हळूहळू खाली येते. डोळ्याला कळत नाही, पण व्हिडिओत सगळं चित्र सरकत जातं आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. शिवाय मुलाने बटण दाबलं की मान डुलते. त्यावर खर्च करू नका असं मी स्पष्ट सांगेन.

त्यापेक्षा गावातल्या सुतारकाकांकडून दीड हात लांबीची, वीतभर रुंदीची सपाट फळी घ्या. मध्यावर, फोनच्या कॅमेऱ्याच्या भिंगांहून थोडं मोठं भोक पाडून घ्या. दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर फळी आडवी ठेवा, तिच्यावर फोन पालथा नव्हे, पडदा वर करून ठेवा, भिंग भोकावर. खाली जमिनीवर काळं कापड. झालं. फोन हलत नाही, मान लवत नाही, आणि पडदा मुलांच्या गुडघ्यांच्या जरा वर येतो, त्यामुळे चार जण भोवती उभं राहून एकाच वेळी बघू शकतात. फोन ठेवल्यावर त्याच्या कडेने खडूने रेघ मारून घ्यायची, म्हणजे मध्येच कुणाचा फोन आला आणि उचलावा लागला तरी परत तिथेच ठेवता येतो. खरं तर काम सुरू करायच्या आधी एअरप्लेन मोड लावलेला बरा. स्टुलांच्या पायांशीही खडूच्या खुणा हव्यात. कुणाचा तरी पाय लागतोच.

पडद्यावर बोट टेकवताना फळी हलू नये म्हणून वायरवाले साधे इअरफोन लावते. आमच्या फोनवर इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो. चौघांच्या गटात बटणवाला एक, हलवणारे दोन आणि चौथा ‘हात’ म्हणणारा. चौथ्याचं काम फक्त बघायचं की चित्रात कुणाचा हात, कुणाची सावली नाही ना, आणि मगच मोठ्याने ‘हात बाहेर, घे!’ म्हणायचं. वर्गात सगळ्यात चंचल मुलाला मी हे काम देते. त्याच्या आवाजाशिवाय फोटो निघत नाही म्हटल्यावर तो जागेवरून हलत नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि ॲप त्यात फारसं काही करू शकत नाही. कोयनेच्या पावसात दुपारी दोनला खोलीत अंधार असतो, पाच मिनिटांनी ढग सरकतो आणि खिडकीतून ऊन येतं. फोन आपोआप उजेड जुळवून घेतो, म्हणून एक फोटो पिवळट, दुसरा निळसर, तिसरा काळवंडलेला. चालवून बघितलं की चित्र लुकलुकतं. उपाय असा की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोकस, उजेड आणि रंग एकदाच ठरवायचे आणि कुलूपबंद करायचे. ॲपमध्ये ही सोय आहे, पण किती गोष्टी कुलूपबंद होतात ते तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावरही अवलंबून असतं. मग खिडक्या लावून घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंनी एक-एक दिवा. ट्यूबलाइटखाली चित्रावर कधीकधी आडवे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते आणि फोनने फार झटकन फोटो घेतला तर ते पकडलं जातं. चांगल्या प्रतीचा एलईडी बल्ब लावला की बहुतेक वेळा हे थांबतं. लाइट गेली तर त्या दिवशी व्हिडिओ नाही, चित्रं काढायची. आणखी एक बारीक गोष्ट. आमच्या गणवेशाचा सदरा पांढरा आहे. मूल वाकलं की सदऱ्यावरून उजेड परतून काळ्या कापडावर पडतो आणि तेवढाच फोटो उजळतो. म्हणून ‘घे’ म्हणायच्या आधी सगळ्यांनी एक पाऊल मागे जायचं, हा आमचा नियम आहे.

काड्या गोल असतात, पंख्याच्या वाऱ्याने लोळतात. पंखा बंद करायचा आणि प्रत्येक काडीखाली मळलेल्या कणकेचा मोहरीएवढा ठिपका लावायचा. चिंचोके चांगले बसतात, पण चकाकतात. मणी वापरू नका, घरंगळून जातात. कडधान्यांपैकी राजमा सगळ्यात सोयीचा, आकार मोठा आणि काळ्यावर उठून दिसतो.

आवाज. ॲपमध्येच माइकचं बटण आहे, व्हिडिओ चालू असताना मुलाने बघत बघत बोलायचं. मी आधी लिहून देत नाही. व्हिडिओ त्यांनीच केलेला असतो, काय घडतंय ते त्यांना माहीत असतं, म्हणून बोलणं सहज येतं. ‘आता ह्या धा काड्या जवळ येत्यात. आता रबर चढलं. आता हा दशक झाला, आता हा त्याच्या घरला चाललाय.’ हे मी बदलत नाही. मुलांना ऐकायला त्यांच्याच वर्गातल्या मुलाचा आवाज मिळतो आणि ते कान देऊन ऐकतात. माइकसाठी मी शर्टाला लावायचा एक स्वस्त कॉलर माइक आणला होता. त्यात बोलण्यापेक्षा घरघर जास्त येत होती. फोनचाच माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तर त्याहून चांगला आवाज येतो. आमच्या खोलीवर पत्रा आहे, पाऊस सुरू झाला की काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही थांबतो. पाऊस नसतानाही खोलीत आवाज घुमतो, म्हणून मागच्या कोपऱ्यात दोन दोऱ्या बांधून त्यावर गोधड्या टाकल्या आहेत. बोलणारं मूल गोधड्यांच्या मध्ये बसतं. एका वेळी एकच वाक्य घ्यायचं. सलग अख्खं बोलून घ्यायचा हट्ट धरला की मूल घाबरतं.

पैसे भरून मिळणाऱ्या सोयींबद्दल. हिरव्या कापडावर चित्रीकरण करून मागे दुसरं दृश्य लावणं, फोटोवर रंगवणं, बाहेरची चित्रं आणून घालणं, जास्त तपशिलाचा व्हिडिओ काढणं अशा गोष्टी तिकडे आहेत. हिरव्या कापडाचं वेड आपल्याकडे फार पसरलं आहे. एका प्रशिक्षणात आम्हाला जवळजवळ पूर्ण वेळ तेच शिकवलं गेलं: मागे हिमालय कसा आणायचा, शाळेचं नाव फिरत फिरत कसं यावं, पाठीमागे संगीत कोणतं. दुसरीच्या मुलाला त्यातलं काही करता येत नाही, म्हणून ते सगळं शेवटी शिक्षकच रात्री घरी बसून करतो आणि व्हिडिओखाली ‘विद्यार्थीनिर्मित’ लिहिलं जातं. मला हे मनापासून खुपतं. मी पैसे भरलेले नाहीत आणि पहिली ते तिसरीसाठी कुणी भरावेत असं मला वाटत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना मात्र त्या सोयींचा उपयोग होईल.

काइनमास्टर, इनशॉट यांसारखी ॲप मीही वापरते, पण ती माझ्या कामासाठी. चार तुकडे जोडायचे, वर पाठाचं नाव घालायचं. ती मोठ्यांची साधनं आहेत, मुलांच्या हातात देण्यासारखी नाहीत. स्क्रॅचज्युनियर हे पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं चांगलं, फुकट ॲप आहे आणि त्यात गोष्टी हलवता येतात, पण तिथलं मांजर पडद्यातलंच असतं. गणितात मला मुलांच्या हाताला काडी लागायला हवी असते. तेवढ्यासाठी मी इकडे वळले.

एक व्हिडिओ बाहेरही केला, सावलीचा. मैदानात काठी रोवली, फोन व्हरांड्याच्या खांबाला बांधला आणि सकाळच्या परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत दर अर्ध्या तासाने एक फोटो. ॲपमध्ये ठरावीक वेळाने आपोआप फोटो घ्यायची सोय आहे, पण तासन्‌तास कॅमेरा चालू ठेवला की फोन तापतो आणि बॅटरी बसते, म्हणून आम्ही हातानेच घेतले. दुपारपर्यंत सावली आखडत आली आणि मग दुसऱ्या बाजूला लांबत गेली. इथे उजेड कुलूपबंद करायचा नाही, कारण दिवसभरात ऊन इतकं बदलतं की कुलूपबंद केलं तर काही फोटो फार उजळ आणि काही फार काळे येतात. कापसावर भिजवलेल्या मुगाला मोड येतानाचाही करून बघा. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण फोन घरी नेऊन परत तिथेच ठेवावा लागतो, तेव्हा फळीवरच्या खडूच्या रेघा उपयोगी पडतात.

मुलांच्या चेहऱ्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हल्ली शाळेतला प्रत्येक उपक्रम व्हॉट्सॲपच्या गटावर, तिथून स्टेटसवर आणि तिथून कुठे कुठे जातो. आठ वर्षांच्या मुलाला त्याचं नाव, गाव, शाळा आणि चेहरा एकत्र जगाला दाखवायचे का, हे कळत नाही, आणि ते आपण त्याच्या वतीने सहज ठरवून टाकतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मध्यभागी आणून ठेवली आहे. स्टॉप मोशनमध्ये हा प्रश्न फार कमी होतो. दिसतात त्या काड्या आणि ऐकू येतो तो आवाज. तरीही आवाजासाठी मी पालकसभेत विचारते, आणि शेवटी नावं द्यायची तर फक्त पहिली नावं. यूट्यूबवर टाकायचा असेल तर ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडा. तो 2020 च्या सुरुवातीपासून चॅनेलवाल्याने ठरवायचाच असतो आणि निवडला की खालच्या प्रतिक्रिया बंद होतात, ते लहान मुलांच्या कामासाठी बरंच आहे. मी स्वतः बहुतेक व्हिडिओ यूट्यूबवर टाकत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन वर्गातल्या टीव्हीला लावते. पालकांना पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पार दाबलं जातं आणि काड्या ओळखू येत नाहीत.

कुणी हे घेऊ नये? ज्यांना उद्या स्पर्धेला व्हिडिओ द्यायचा आहे त्यांनी नको. चाळीस सेकंदांना दोनशे फोटो, गट चार मुलांचा, रोज तासभर धरला तरी दोन-तीन दिवस जातात. पट चाळीसचा असेल तर एका फोनवर जमणार नाही, निदान तीन फोन आणि मदतीला एखादी मोठी मुलगी हवी. पहिलीची मुलं दहा-बारा फोटोंनंतर कंटाळतात. त्यांच्यासाठी आधी वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर उडवायचा खेळ घ्या, तो त्यांना जमतो आणि चित्र कसं चालतं तेही कळतं. फोनमध्ये जागा भरपूर लागते. व्हिडिओ काढून पेन ड्राइव्हवर नेला आणि दोनदा चालवून बघितला की मगच ॲपमधलं मूळ काम पुसायचं. माझा फोन जुना आहे, तरी अडलेलं नाही.

फळीचं माप विचारणाऱ्यांसाठी: माझ्या फळीची जाडी अर्धा इंच आहे, याहून जाड घेऊ नका, नाहीतर भोकाच्या कडा चित्राच्या कोपऱ्यांत काळ्या दिसतात. भोक खालच्या बाजूने थोडं तिरपं, पसरट कापून घेतलं तर तेवढीही अडचण राहत नाही. स्टुलं गुडघ्याच्या वर, साधारण दीड फूट उंचीची. त्या उंचीवरून चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या चित्रात आरामात मावतात, आणि तिसरीतलं सगळ्यात बुटकं मूलही टाचा न उचलता पडदा बघू शकतं. सुतारकाकांनी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, सहज भागले असते.